शॉकअब्सॉर्बरचा अडकलेला स्क्रू : कारणे, उपाय आणि दक्षता

ग्रामीण महाराष्ट्रात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, याला आता बराच काळ लोटला. ग्रामपंचायतीचे अधिकारी, महसूल कर्मचारी, पशुवैद्यकीय सेवक, लसीची पेटी घेऊन पाड्यापाड्यांवर जाणाऱ्या आरोग्यसेविका, दूरच्या शाळेवर रोज जाऊन-येऊन काम करणारे शिक्षक या सर्वांचा दिवस या वाहनाच्या आधारावर पार पडतो. एरवी एकट्याला वाहून नेणारी हीच गाडी बाजाराच्या दिवशी दोन माणसे आणि खताचे पोते घेऊन चालते. ओझे असे रोज बदलत असले, तरी त्याप्रमाणे गाडीच्या स्प्रिंगची जुळणी बदलावी, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. ज्यांच्या येते, त्यांना बहुधा असा अनुभव येतो की, जुळणीसाठी दिलेला स्क्रू किंवा कडे जागचे हलत नाही. वर्षानुवर्षे हात न लागल्याने ते आपल्या जागी घट्ट बसलेले असते.

या प्रसंगी बळाचा वापर केला, तर दोन प्रकारचे नुकसान संभवते. पहिले पैशाचे : शंभर-दीडशे रुपयांच्या हत्याराने आणि दोन दिवसांच्या सबुरीने जे काम झाले असते, त्यासाठी संपूर्ण शॉकअब्सॉर्बर बदलावा लागतो. दुसरे जिवाचे : मागच्या दोन शॉकअब्सॉर्बरांपैकी एकाचे कडे फिरले आणि दुसऱ्याचे फिरले नाही, तर पुष्कळ जण फिरले तेवढे पुरे समजून गाडी रस्त्यावर आणतात. दोन बाजूंची स्प्रिंग असमान झालेली अशी गाडी वळणावर आणि खड्ड्यात अनपेक्षितपणे वागते. म्हणून या लहानशा स्क्रूचा विचार थोडा तपशिलाने करणे अगत्याचे आहे.

शॉकअब्सॉर्बरचे कार्य

शॉकअब्सॉर्बर या नावाने जो भाग ओळखला जातो, त्यात दोन स्वतंत्र योजना एकत्र आलेल्या असतात. बाहेर दिसणारी स्प्रिंग गाडीचे व स्वारांचे वजन तोलून धरते आणि धक्का बसला की दबते. परंतु नुसती स्प्रिंग असेल, तर एकदा दबलेली गाडी पुढे बराच वेळ वरखाली हेलकावत राहील. ते हेलकावे आवरण्याचे काम आतील तेल करते. दट्ट्या खाली-वर होताना तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते. या विरोधामुळे हेलकाव्यातील शक्ती उष्णतेच्या रूपाने नाहीशी होते. तेलाच्या साह्याने हेलकावे आवरणारा दुर्बिणीच्या नळ्यांसारखा पुढचा फोर्क जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये बाजारातील मोटारसायकलींवर आणला. पुढे हीच रचना जगभर रूढ झाली.

या योजनेची जुळणी करण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. बहुतेक लहान मोटारसायकलींच्या मागच्या शॉकअब्सॉर्बरवर स्प्रिंगच्या एका टोकाशी पायऱ्या असलेले एक कडे असते. आकडीच्या पान्याने ते फिरविले की स्प्रिंग थोडी अधिक किंवा थोडी कमी दबलेल्या स्थितीत राहते. या पायऱ्या बहुधा पाच असतात. दुसऱ्या प्रकारात शॉकअब्सॉर्बरच्या अंगावरच आटे पाडलेले असतात व त्यांवर दोन मोठ्या चाक्या बसविलेल्या असतात. एक चाकी स्प्रिंगला दाबते, तर दुसरी पहिलीला जागच्या जागी जखडून ठेवते. तिसरा प्रकार म्हणजे प्रत्यक्ष स्क्रू. काही मोठ्या मोटारसायकलींच्या फोर्कच्या डोक्यावर किंवा तळाशी, तसेच मागच्या शॉकअब्सॉर्बरच्या खालच्या अंगाला तो असतो. फोर्कच्या डोक्यावरील स्क्रू कधी स्प्रिंगचा दाब बदलतो, तर कधी तेलाची वाट लहानमोठी करतो.

तेलाची वाट बदलणाऱ्या स्क्रूची रचना नाजूक असते. त्याचे आतले टोक सुईसारखे निमुळते असून ते एका छिद्रात पुढे-मागे सरकते. स्क्रू आवळला की छिद्र बुजत जाते व हालचाल कडक होते. स्क्रू सैल केला की छिद्र मोकळे होते व हालचाल मऊ होते. स्क्रूच्या बाजूला एक बारीक गोळी व तिच्यामागे लहानशी स्प्रिंग असते. स्क्रू फिरविताना 'खट्, खट्' असे जे ठोके हाताला जाणवतात, ते या गोळीमुळे. हे ठोके मोजूनच जुळणी करावयाची असते. ही रचना ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, तो मनुष्य त्या स्क्रूवर हातोडी उगारण्यापूर्वी निश्चितच विचार करील.

स्क्रू अडकतो कसा?

स्क्रू अडकण्याचे कारण केवळ गंज, असे सामान्यतः समजले जाते. ते अर्धसत्य आहे. वजन कमी राखण्यासाठी फोर्कच्या टोप्या व शॉकअब्सॉर्बरचे अनेक भाग अ‍ॅल्युमिनियमचे केलेले असतात, तर त्यांतील स्क्रू पोलादाचा किंवा पितळेचा असतो. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून असतील आणि त्यांच्यामध्ये खारट किंवा मळकट पाणी शिरले, तर तेथे एक लहानशी विद्युत्‌घटमाला तयार होते. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० मध्ये धातूंच्या चकत्या व मिठाच्या पाण्यात भिजविलेले तुकडे एकावर एक रचून जी घटमाला जगापुढे ठेवली, तिचेच तत्त्व येथे नकळत काम करीत असते. या जोडीत अ‍ॅल्युमिनियम हा झिजणारा धातू ठरतो. त्याची पांढरी भुकटी आट्यांच्या फटीत साचते व तेथेच घट्ट होते.

या क्रियेचा प्रताप किती मोठा असू शकतो, याचे उदाहरण म्हणून न्यूयॉर्क येथील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याकडे बोट दाखविता येईल. त्याचे बाह्यांग तांब्याचे व आतील सांगाडा लोखंडाचा होता. दोन धातूंमध्ये घातलेला अस्तराचा थर कालांतराने निकामी झाला आणि लोखंडी पट्ट्या झिजल्या. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात त्या पट्ट्या बदलाव्या लागल्या.

पोलादी स्क्रूच्या बाबतीत यात गंजाची भर पडते. लोखंडापासून तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा व्यापतो. आट्यांमधील फट तर केसाहूनही बारीक असते. त्या फटीत फुगणारा गंज पाचरीसारखा काम करतो. परिणामी स्क्रू कोणी न आवळताही आवळला जातो.

राज्याच्या निरनिराळ्या भागांत या दोषाला निरनिराळी कारणे हातभार लावतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेतील क्षार अ‍ॅल्युमिनियमवरील नैसर्गिक संरक्षक थर भेदतात. काळ्या मातीच्या प्रदेशात पावसाळ्यात मडगार्डखाली बसलेला चिखल वरून वाळलेला दिसला, तरी आत दीर्घकाळ ओल धरून ठेवतो. धुलाई केंद्रात अधिक दाबाच्या फवाऱ्याने गाडी धुतली असता पाणी रबरी कड्यांना ओलांडून आत शिरते, पण त्याच वाटेने बाहेर येत नाही.

याखेरीज गोठा व खत यांचाही विचार करणे आवश्यक आहे. जनावरांच्या मूत्रातून आणि काही रासायनिक खतांतून निघणारा अमोनिया वायू पितळेचा शत्रू आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात कोठारांत पडल्या पडल्या तडकत असत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि काडतूस घडविताना धातूत राहून गेलेला ताण यांच्या एकत्रित परिणामाने असे घडते, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. जागेच्या अभावी गोठ्यात उभी केलेली मोटारसायकल आणि तीवरून वाहिलेली फुटकी खताची पोती यांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

हत्यार हाती घेण्यापूर्वी

स्क्रू खरोखरच अडकला आहे किंवा काय, याची खात्री प्रथम करावी. सैल करण्याच्या दिशेने स्क्रू आधीच शेवटच्या टोकाला पोचलेला असेल, तर तो त्या दिशेने फिरणारच नाही. ही मर्यादा होय, दोष नव्हे. आवळण्याच्या टोकालाही तसेच समजावे. अशा वेळी उलट दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवून पाहावे. आटे व चाकीच्या प्रकारात जखडणारी दुसरी चाकी आधी सैल केली नाही, तर पहिली चाकी अडकल्यासारखी भासते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत जुळणीचा भाग, दिशा व एकूण ठोके दिलेले असतात. ते पान वाचण्यास पाच मिनिटे लागतात, परंतु ते वाचले नाही म्हणून मोडलेल्या स्क्रूंची संख्या कमी नाही.

फोर्कच्या डोक्यावर एकात एक असे दोन भाग असतात. मधला लहान भाग हा जुळणीचा स्क्रू, तर त्याभोवतालचा मोठा षट्कोनी भाग ही फोर्कची टोपी. या टोपीखाली स्प्रिंग दाबून बसविलेली असते. चुकून टोपीच उघडली गेली, तर ती जोराने उडून तोंडास इजा होऊ शकते. यास्तव पाना कशास लावीत आहोत, याकडे पूर्ण लक्ष असावे.

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी, म्हणजे मागच्या स्प्रिंगवरील भार उतरतो. मधला स्टँड नसल्यास इंजिनाखाली भक्कम लाकडी ठोकळा देऊन गाडी दोन्ही बाजूंनी स्थिर करावी. मग ब्रेक झाकावा. फोर्कच्या तळाचा स्क्रू ब्रेकच्या चकतीलगत असतो. तेलाचे चार थेंब चकतीवर किंवा पॅडवर पडले, तर स्क्रू सुटेल, पण उतारावर ब्रेक लागणार नाही. तसेच ब्रेकमधील रबरी भागांना खनिज तेल मानवत नाही. चकती, पॅड व टायर हे भाग प्लॅस्टिकच्या पिशवीने व जुन्या कापडाने नीट गुंडाळल्याशिवाय तेलाची बाटली उघडू नये.

सोडविण्याची रीत

पहिली पायरी स्वच्छतेची. सुका चिखल मऊ ब्रशाने झाडावा, कोमट साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने स्क्रूभोवतालचा भाग घासावा आणि स्क्रूच्या खाचेत बसलेली माती दाभणाने किंवा जाड सुईने कोरून काढावी. खाच तळापर्यंत मोकळी झाली नाही, तर डिसमिस पुरता बसत नाही. शॉकअब्सॉर्बरच्या अंगावर आटे असल्यास ते पितळी तारेच्या ब्रशाने साफ करावेत. माती राहिलेल्या आट्यांवरून चाकी बळाने फिरविली, तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे कायमचे जातात.

दुसरी पायरी तेलाची. गंज सोडविणारे पातळ तेल बाजारात फवाऱ्याच्या डब्यात मिळते. ते केशाकर्षणाने फटीत शिरते. वात तेल वर ओढते, तेच तत्त्व येथे लागू पडते. फवारा मारण्यापेक्षा नळीने थेंबथेंब सोडणे इष्ट, कारण तेल हवे तेथेच पडते. स्क्रू खालच्या बाजूस असल्यास तेलात भिजविलेला कापसाचा बोळा त्यावर ठेवून चिकटपट्टीने बांधावा. तेल घातल्याबरोबर स्क्रू फिरविण्याची घाई करू नये. एक रात्र जाऊ द्यावी, सकाळी पुन्हा तेल सोडावे आणि असे दोन-तीन दिवस करावे. या कामात वेळ हेच मुख्य हत्यार होय. अ‍ॅसिटोन मिसळलेली घरगुती मिश्रणे रंग व प्लॅस्टिक खातात; ती टाळलेली बरी.

तिसरी पायरी उष्णतेची. सारख्या तापमानवाढीत अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. १० मिलिमीटर व्यासाचा पोलादी स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या भागात बसला आहे आणि दोहोंचे तापमान ६० अंश सेल्सिअसने वाढले, असे धरले, तर अ‍ॅल्युमिनियमचे भोक सुमारे ०.०१४ मिलिमीटरने व स्क्रू सुमारे ०.००७ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे ०.००७ मिलिमीटरची जादा मोकळीक मिळते. ही मोकळीक केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढीच आहे, तथापि गंजाचा थर तडकण्यास आणि तेल आत शिरण्यास ती पुष्कळदा पुरते. पितळ हे प्रसरणात अ‍ॅल्युमिनियमच्या बरेच जवळ असल्याने पितळी स्क्रूला उष्णतेचा लाभ कमी मिळतो. तेथे तेल व सबुरी यांवरच अधिक भिस्त ठेवावी.

उष्णता देण्यासाठी कढत पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाच्या घड्या त्या भागाभोवती गुंडाळाव्यात किंवा केस वाळविण्याचे यंत्र वापरावे. तापविणे, थंड होऊ देणे आणि तेल सोडणे हा क्रम तीन-चार वेळा करावा. ब्लोलॅम्प अथवा गॅसची ज्योत मात्र कदापि वापरू नये. आतील तेल रोखणारे सील रबराचे असतात व ते जळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अनेक शॉकअब्सॉर्बरांत नायट्रोजन वायू भरलेला असतो. त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो आणि तापमानाबरोबर तो वाढत जातो. असे नळकांडे ज्योतीने तापविणे म्हणजे अपघातास आमंत्रण देणे होय. तेलाचा फवाराही ज्वालाग्राही असतो, हे विसरता कामा नये.

चौथी पायरी प्रत्यक्ष फिरविण्याची. येथे डिसमिसाची निवड निर्णायक ठरते. सरळ खाचेच्या स्क्रूसाठी डिसमिसाचे पाते खाचेच्या लांबीइतके रुंद व खाच भरून काढील इतके जाड असावे. निमुळते पाते वर सरकते व खाचेच्या कडा मोडते. चौफुलीच्या स्क्रूबाबत आणखी एक बारकावा आहे. अमेरिकेत १९३६ पासून प्रचारात आलेली फिलिप्स पद्धतीची चौफुली आणि जपानी मानकाची चौफुली दिसण्यात सारख्या वाटतात, परंतु त्यांचे कोन वेगळे असतात. १९८५ मध्ये भारतात आलेल्या हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० यांसारख्या मोटारसायकलींबरोबर जपानी धाटणीचे स्क्रू येथील कारखान्यांतून सर्रास वापरात आले. त्यांना फिलिप्सचा डिसमिस लावला, तर तो तळापर्यंत बसत नाही आणि जोर देताच बाहेर निसटतो. जपानी मानकाचे डिसमिस मोठ्या शहरांतील हत्यारांच्या दुकानांत मिळतात. एक जोडी घेऊन ठेवल्यास ती अनेक वर्षे पुरते.

डिसमिस उभा, घट्ट दाबून धरावा. स्प्रिंगचा दाब बदलणाऱ्या स्क्रूवर त्याच्या मुठीवरून लहान हातोडीने हलके ठोके देण्यास हरकत नाही. त्या हादऱ्याने गंजाची पकड सुटते. तेलाची वाट बदलणाऱ्या स्क्रूवर मात्र ठोके देऊ नयेत. कारण तो धक्का सरळ सुईच्या टोकावर जातो. अशा स्क्रूला सैल करण्याच्या दिशेने, म्हणजे सामान्यतः घड्याळाच्या काट्यांच्या उलट, मनगटापुरते बळ लावून पाहावे. केसभर हालचाल झाली की लगेच थांबावे, तेल सोडावे, तितकेच मागे आणावे व पुन्हा पुढे न्यावे. अष्टमांश फेरा, पाव फेरा, अर्धा फेरा असे पुढे जावे. एका दमात पूर्ण फिरविल्यास सुटलेली भुकटी पुढच्या आट्यांत अडकते व स्क्रू पूर्वीपेक्षा अधिक घट्ट बसतो. शेतातील तुंबलेला पाट काढताना गाळ एकदम पुढे न ढकलता थोडाथोडा बाहेर घ्यावा लागतो, तशीच ही रीत आहे.

पायऱ्यांच्या कड्याला योग्य मापाचा आकडीचा पाना लावावा. छिन्नी व हातोडी लावून कडे फिरविण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. त्यामुळे कड्याच्या खाचा मोडतात आणि पुढील वेळी पाना लावण्यास जागाच उरत नाही.

कोठे थांबावे?

यंत्रविद्येत सोडविण्याइतकेच थांबण्याचे ज्ञान मोलाचे आहे. डिसमिसाला पक्कड लावून किंवा अ‍ॅलन कीला नळी जोडून जोर वाढविण्याचा मोह होतो. १० सेंटिमीटरच्या दांड्यावर १० किलोग्रॅमचे बळ लावले, तर जे पिळण्याचे बळ मिळते, ते ३० सेंटिमीटरच्या नळीने तिप्पट होते. हाताला मात्र पूर्वीइतकेच श्रम पडत असल्याने ही वाढ जाणवत नाही आणि बारीक स्क्रूचे डोके क्षणात तुटते. जुळणीचा स्क्रू बोटांनी व मनगटाने फिरावा, अशा बेताने बनविलेला असतो. त्याहून अधिक बळ लागत असेल, तर दोष बळाच्या अभावाचा नाही, असे समजून तेल व उष्णतेच्या पायरीकडे परत जावे.

तीन-चार दिवसांच्या प्रयत्नानंतरही स्क्रू हलला नाही, खाच मोडू लागली किंवा स्क्रूच्या कडेने तेल पाझरू लागले, तर काम थांबवून गाडी जाणत्या कारागिराकडे न्यावी. खाच किंचित मोडली असल्यास तो ती बारीक कानशीने पुन्हा पाडू शकतो. स्क्रूला भोक पाडून तो काढण्याचा उपाय वायू भरलेल्या शॉकअब्सॉर्बरवर करू नये. अशा शॉकअब्सॉर्बरचे काम सुटे भाग वेगळे करण्याची साधने असलेल्या कार्यशाळेतच व्हावे. मागचे दोन शॉकअब्सॉर्बर असतील आणि एक बदलावा लागला, तर दोन्ही एकदम बदलणे श्रेयस्कर. नवा व जुना यांची जोडी सम राहत नाही.

तोपर्यंत गाडी वापरणे भाग असल्यास सुटणारी बाजू न सुटणाऱ्या बाजूच्या पायरीवर आणून ठेवावी. दोन्ही बाजू सारख्या असलेली थोडी मऊ गाडी ही एका बाजूने कडक असलेल्या गाडीपेक्षा बरी. अशा गाडीवर ओझे व दुसरा स्वार घेऊ नये.

स्क्रू सुटल्यानंतर

स्क्रू सुटला म्हणजे काम संपले, असे नाही. तो दोन्ही टोकांपर्यंत हलक्या हाताने चार-सहा वेळा फिरवून बाहेर आलेली भुकटी पुसून घ्यावी. टोकाला पोचल्यावर जोर देऊ नये. मग पाण्यात न विरघळणाऱ्या ग्रीसचा पातळ थर बाहेरील भागास लावावा. जास्त ग्रीस लावल्यास त्यास धूळ चिकटते. स्क्रूवर रबरी टोपी असल्यास ती जागी बसवावी, हरवली असल्यास नवी आणावी.

त्यानंतर जुळणी करावी. पूर्ण आवळलेल्या स्थितीपासून किती ठोके मागे, ही मोजण्याची सर्वसाधारण रीत असून पुस्तिकेत दिलेला आकडा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवावा. स्प्रिंगचा दाब योग्य आहे किंवा नाही, हे पाहण्याचा एक साधा मार्ग आहे. चाक जमिनीवरून उचललेले असताना मागच्या आसापासून सरळ वर एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग नेहमीचा स्वार बसलेला असताना तेच अंतर पुन्हा मोजावे. दोहोंतील फरक चाकाच्या एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश भागाच्या दरम्यान असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. फरक त्याहून जास्त असेल, तर स्प्रिंग अधिक दाबावी. कमी असेल, तर सैल करावी.

या जुळणीचा परिणाम रात्रीच्या प्रवासात विशेष दिसून येतो. मागे ओझे असून स्प्रिंग सैल असेल, तर गाडीचा मागचा भाग खाली बसतो व पुढचा दिवा वर उचलला जातो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि स्वतःच्या चाकापुढचा खड्डा अंधारात राहतो. पुढच्या चाकावरील भारही कमी होतो, त्यामुळे वळणावर त्याची पकड सुटू शकते. अडकलेल्या स्क्रूची किंमत येथे मोजली जाते.

निगा

स्क्रू पुन्हा अडकू नये, यासाठी खर्चाचे असे काहीही करावे लागत नाही. महिन्यातून एकदा जुळणीचा स्क्रू किंवा कडे टोकापासून टोकापर्यंत फिरवून मूळ ठोक्यावर आणून ठेवावे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळा संपल्यानंतर ते स्वच्छ करून ग्रीस लावावे. गाडी धुताना दाबाचा फवारा शॉकअब्सॉर्बरपासून दूर ठेवावा व धुतल्यानंतर तो भाग कापडाने टिपून घ्यावा. समुद्रकिनाऱ्यावर किंवा खाडीच्या रस्त्यावर नित्य जाणे असेल, तर आठवड्यातून एकदा साध्या गोड्या पाण्याने खार धुऊन काढावा. गाडी गोठ्यात उभी करू नये. दुसरी जागाच नसेल, तर ती वाऱ्याच्या वाटेवर ठेवावी. खताची पोती उतरविल्यानंतर गाडी त्याच दिवशी पुसावी.

कार्यालयीन मोटारसायकलींच्या बाबतीत ही नोंद वाहनाच्या लॉगबुकात ठेवता येईल. तेलबदल व टायरप्रमाणेच 'शॉकअब्सॉर्बरची जुळणी : डावी, उजवी' असे दोन रकाने आखले आणि दर महिन्यास त्यात आकडे लिहिले, तर दोन्ही बाजू सारख्या आहेत किंवा काय, हे एका दृष्टिक्षेपात कळते. गाडी एका कर्मचाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना ही नोंद विशेष उपयोगी पडते. कारण पूर्वीच्या स्वाराने आपल्या वजनाप्रमाणे केलेली जुळणी नव्या स्वारास ठाऊक नसते.

माध्यमिक शाळांतील विज्ञानशिक्षकांसही या विषयात बरेच काही आहे. दोन धातूंची घटमाला, उष्णतेने होणारे प्रसरण, केशाकर्षण, तरफेचे तत्त्व आणि स्निग्ध द्रवाचा विरोध हे पाचही पाठ एका जुन्या शॉकअब्सॉर्बरच्या बाहेरील भागांवरून समजावून देता येतात. मात्र वायू भरलेला शॉकअब्सॉर्बर वर्गात उघडण्याचा प्रयत्न करू नये. जेथे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वाहनदुरुस्ती शिकलेला तरुण गावात उपलब्ध आहे, तेथे त्यास शाळेत बोलावून एक तास हे प्रात्यक्षिक दाखविण्यास सांगावे.

ग्रामपंचायतींनाही यात लहानसा वाटा उचलता येईल. आकडीचा पाना, योग्य मापाचे चार डिसमिस, पितळी तारेचा ब्रश, गंज सोडविणाऱ्या तेलाचा एक डबा आणि ग्रीसची डबी एवढे साहित्य पंचायतीच्या कार्यालयात किंवा गावातील पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानात ठेवले, तर गावातील बहुतेक मोटारसायकलींची गरज भागते. पावसाळा सरल्यावर, सुगीची वाहतूक सुरू होण्याच्या आधी, एक दिवस ठरवून गावातील गाड्यांचे शॉकअब्सॉर्बर तपासावेत. अडकलेली कडी त्याच दिवशी तेलात ठेवावीत आणि दोन दिवसांनी सोडवावीत, म्हणजे दिवाळीच्या बाजाराला गाडीवर दोन माणसे व ओझे बसेल, तेव्हा ज्याच्या-त्याच्या हाती हवी ती पायरी फिरेल.